मनावरील ओझें

डोक्यावरचें ओझें चार लोकांस दिसतें. मनावरील ओझें ज्याचें त्यासच ठाऊक. परीक्षा जवळ आली कीं माझे हात गार पडतात व छाती धडधडते. यास भित्रेपणा म्हणण्याची रीत आहे. पण संकट दिसतांच शरीर लढावयास किंवा पळावयास सिद्ध होतें, हें वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत विशद केलें आहे. प्रश्नपत्रिका म्हणजे वाघ नव्हे. परंतु बिचाऱ्या हृदयास तें कोठून कळावें? अशा वेळीं श्वास सावकाश सोडला असतां नाडी मंदावते, हा माझा नित्याचा अनुभव आहे.

सर्वच ओझीं मात्र श्वासानें हलकीं होत नाहींत. गेल्या वर्षीं वडिलांची नोकरी सुटली. घरांत कोणी कांहीं बोलेना. त्या मौनाचें भय परीक्षेहूनही अधिक वाटे. एके रात्रीं मीं आईस सरळ विचारलें. ती म्हणाली, "दिवाळीपर्यंत पुरेल इतकें आहे, पुढचें सर्वांनीं मिळून पाहूं." नोकरी परत आली नाहीं, पण भीतीस सीमा मिळाली आणि मला झोंप लागली.

समर्थ रामदासांनीं मनास 'सज्जन' म्हणून हांक मारली. आपणही त्यास दटावूं नये, बोलतें करावें. घरीं बोलणें जड जात असेल, तर २०२२ सालीं सुरू झालेली भारत सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या दूरध्वनि-क्रमांकावर विनामूल्य ऐकून घेते. आणि पालकहो, गुण किती पडले हें विचारण्यापूर्वीं, झोंप लागली काय, एवढें आम्हांस विचारावें, ही नम्र विनंती.