फुफाट्यातलं नाव

फोकाचिया ही इटलीची जाड, लुसलुशीत रोटी आता पुण्या-मुंबईच्या बेकऱ्यांतही मिळते. वर ऑलिव्ह तेल, बोटांनी पाडलेले खळगे, खळग्यांत जाडं मीठ. नावात मात्र यातलं काहीच नाही. लॅटिनमध्ये ‘फोकुस’ म्हणजे चूल. तिच्यात भाजलेली म्हणून ती ‘पानिस फोकाकिउस’. फ्रान्सची फुगास, स्पेनची ओगाथा या तिच्याच बहिणी. पीठ कसलं, तेल कुठलं, याच्याशी नावाला देणंघेणं नाही; भाजली कुठे, तेवढं सांगून मोकळं.

पुढे ही चूल भलतीच पसरली. विस्तवाला लॅटिनमध्ये ‘इग्निस’ म्हणत. आपल्या अग्नीचा तो सख्खा भाऊ. पण तो मागे पडला आणि इटालियनमध्ये चुलीचंच नाव आगीला लागलं: फुओको. आपल्याकडे अग्नी होमहवनात राहिला, घरात त्याचीच आग झाली. १६०४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरने किरणं एकवटतात त्या बिंदूला ‘फोकस’ म्हटलं. मोबाइलवर फोटोसाठी आपण फोकस धरतो, तो असा चुलीवरून आलेला.

आमच्या कनेरगाव नाक्यावर फोकाचियाचं कुणाला कौतुक नाही; तिथे राखेत भाजलेला रोडगा आहे. इकडे हिंगोली, निजामाचा मुलूख. तिकडे वाशीम, इंग्रजांच्या अमलातलं वऱ्हाड. १९५६ ला दोन्हीकडचं राज्य एक झालं, नाका गावाच्या नावात राहिला. रोडग्याने मात्र ही हद्द कधी मानलीच नाही. शेतात गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसू द्यायचा, मग जाडसर कणकेचे गोळे फुफाट्यात पुरायचे. आगीतून फुफाट्यात पडणं माणसाच्या वाईटाचं, रोडग्याच्या भल्याचं. जाळावर तो वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. फुफाटा त्याला सावकाश, सगळ्या अंगांनी शिजवतो. भाजला की फडक्याने राख झटकायची, दोन्ही तळव्यांत दाबून फोडायचा आणि वाफ निघते तोवरच तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. पानांत गुंडाळून भाजला तर तो पानगा. त्याचं नाव पानाने नेलं.

चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडगा लागतोच. आणि पैठणच्या एकनाथांच्या भारुडातली ती सासुरवाशीण! सासरची एकेक माणसं वाटेतून दूर कर म्हणून भवानीला साकडं घालते आणि बदल्यात कबूल करते रोडगा. एवढ्या मोठ्या कामाला एवढासा नवस. देवी इतक्या स्वस्तात तयार होईल असं वाटत नाही. पण तूप सढळ असेल तर सांगता येत नाही.