अंगठा आणि पातेलं

टोमॅटो घेणारा माणूस आधी भाव बोलत नाही. कॅरेटच्या तळातलं एक फळ उचलतो, अंगठ्याने दाबतो आणि मग तोंड उघडतो. सोलापूरच्या बाजार समितीत वडिलांच्या मागे उभं राहून मी हे लहानपणापासून पाहत आलो. घरी तेही तसंच शिकवायचे. दाबल्यावर फळाने अंगठ्याला उलट रेटा दिला पाहिजे. खळगी राहिली तर माल आजच गावात विकायचा, लांबच्या गाडीत भरायचा नाही.

मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला आमचं रान आहे. काही वर्षांपूर्वी बाजार पडला, तेव्हा आम्ही थोडा माल घरच्या शेडमध्ये शिजवून प्युरी करायला लागलो. पहिल्या खेपेला मी निवडून निवडून टणक फळं घेतली. घट्ट फळाची प्युरी घट्ट होणार, यात मला शंका नव्हती. संध्याकाळी सगळी दळून ठेवली आणि वीज गेली म्हणून सकाळी शिजवली. पंधरा दिवसांनी बाटल्या पाहिल्या, तर वर दोन बोटं पिवळसर पाणी आणि खाली लाल गाळ.

मी वाणाला दोष दिला. बायकोने दिला नाही. पुढच्या तोड्याला तिने फळं चिरून लगेच उकळत्या पातेल्यात सोडली. एक घाणा चांगला उकळला की मगच दुसरा टाकायचा. दळणं नंतर. रान तेच, झाडं तीच, पण ती प्युरी पळीवरून सावकाश उतरली.

कारण शोधत गेलो ते पेक्टिनपाशी येऊन थांबलो. फळाच्या पेशी एकमेकींना पेक्टिनच्या खळीने चिकटलेल्या असतात. फळ पिकतं तसं त्यातलीच विकरं ही खळ हळूहळू सोडवतात. अंगठ्याला जाणवणारा मऊपणा बराचसा त्यातूनच येतो. फळ दळलं की तीच विकरं रसात मोकळी होतात आणि जे काम आठ दिवसांत करायची ते काही मिनिटांत उरकतात. रस झटकन 85–90 अंशांवर नेला, तर ती मरतात आणि खळ टिकते. कारखान्यांत याला ‘हॉट ब्रेक’ म्हणतात. 65 अंशांच्या आसपास ठेवून केला तो ‘कोल्ड ब्रेक’. त्यात रंग आणि वास ताजा राहतो, पण रस पातळ होतो. पिण्याच्या रसाला तो बरा, सॉसला नाही. आमचा पहिला घाणा रात्रभर थंड पडून होता. त्यात फळाचा काय दोष?

1994 साली कॅलिफोर्नियातल्या कॅलजीन कंपनीने ‘फ्लेवर सेव्हर’ टोमॅटो बाजारात आणला. पेक्टिन तोडणारं एक मुख्य विकर त्यात जनुकीय बदल करून जवळपास बंद पाडलं होतं. फळ झाडावर लाल होऊनही टणक राहील अशी आशा होती. पण ते अपेक्षेइतकं टणक राहिलं नाही आणि काही वर्षांतच बाजारातून गेलं. हेच विकर दाबलेल्या टोमॅटोची प्युरी मात्र 1996 पासून ब्रिटनमध्ये विकली गेली, कारण ती खरोखर दाट होत होती. हे वाचलं तेव्हा मला आमच्या त्या बाटल्या आठवल्या. अंगठ्याचा टणकपणा आणि पातेल्यातला दाटपणा हे नात्यातले खरे, पण एक नव्हेत.

आता फळ दाबून झालं की मी ते आडवं कापतो. कप्पे दोन-तीनच हवेत, भिंत जाड हवी, बियांभोवतीचा बुळबुळीत गर कमी हवा. राहुरीच्या विद्यापीठाचा भाग्यश्री वाण मला आवडतो तो यासाठी: लालभडक, गरदार, बिया थोड्या. लुधियानाचा पंजाब छुहारा लांबट, जाड भिंतीचा. गाडीत टिकायचं म्हणून नुसती साल जाड केलेली फळंही मी कापली आहेत. आत पाणी.

पाण्याचा हिशेब तर पातेलंच शिकवतं. रस 5 ब्रिक्सचा असेल, म्हणजे शंभर ग्रॅम रसात साखरेसारखे विरघळलेले घटक पाच ग्रॅम असतील, तर 28 ब्रिक्सच्या एक किलो पेस्टला साडेपाच किलोंच्या वर रस लागतो. 4 ब्रिक्सचा असेल तर सात किलो, आणि त्या वाढीव रसाचं पाणी उडवायला सरपण वेगळं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत ठिबक कमी केलं की ब्रिक्स चढतो, वजन उतरतं. बाजार वजनावर पैसे देतो, म्हणून शेजारचे लोक तोड्याआधी पाणी सोडतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. कॅरेट विकायचं असेल तेव्हा मीही सोडलं आहे.

पण पाणी तोडायचं ते हळूहळू. एका वर्षी मी एकदम बंद केलं, मग घाबरून एकदम सोडलं. लाल होत आलेली फळं तडकली आणि मागच्या हिरव्या फळांच्या बुडाला काळे, चामड्यासारखे डाग पडले. हे कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण. आमच्या रानात चुनखडी ओंजळीने वेचावी इतकी, तरी फळ उपाशी. कारण कॅल्शियम पाण्याबरोबरच चढतं, आणि फळापेक्षा पानं ते जास्त ओढून घेतात.

लागवड मी दिवाळीनंतर धरतो. फळ फेब्रुवारीत रंगलं तर लाल रंग नीट भरतो. एप्रिलच्या उन्हात लालीचं लायकोपीन नीट तयार होत नाही, खांदे पिवळे राहतात आणि प्युरीला विटकरी छटा येते.

पहिल्या घाण्यातली एक बाटली अजून शेडच्या फळीवर आहे. वडील कधी आले की ती हलवतात, पाणी आणि गाळ एक होताना बघतात आणि परत जागेवर ठेवतात. मग कॅरेटमधलं एक फळ उचलून अंगठ्याने दाबतात, आणि न बोलता माझ्याकडे कापायला देतात.