या तीन रेघा कसल्या गं?

रविवारपासून मला दुसरं काही सुचतच नाहीये!

आमच्या कात्रप भागातल्या एका पोळीभाजी केंद्रासाठी मी वेबसाइट केली. खालच्या मजल्यावरच्या काकू रोज तिथूनच डबा मागवतात, म्हणून मोबाइल त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "काकू, उद्यासाठी दोन डबे सांगा. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, मी मात्र काही सांगणार नाही."

काकूंनी आधी डब्याच्या फोटोवर बोट दाबलं. पुन्हा दाबलं. काहीच होईना. बरोबरच आहे, डबा हवा असेल तर माणूस डब्यावरच बोट ठेवणार! आजची भाजी कोपऱ्यातल्या तीन रेघांमागे होती. "या तीन रेघा कसल्या गं?" कशाबशा त्या शेवटाला पोचल्या, तर 'सबमिट' पाहून बोट मागे घेतलं. "दाबलं की पैसे कापतील का?" बारा मिनिटांनी मोबाइल परत देत म्हणाल्या, "मलाच जमत नाही बाई."

त्यांना जमत नाही? सत्तरीतही घरचा हिशोब तोंडी करणाऱ्या काकूंना? माझ्या पोटात कालवलं.

रात्रभर वाचत बसले. डॅनिश संशोधक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशोब सापडला: पाच जणांना साइट वापरताना नुसतं पाहिलं, तरी सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. फक्त पाच! एवढी माणसं तर आमच्या जिन्यातच भेटतात.

आणि पवईला, आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात, अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'स्वरचक्र' कीबोर्ड! २०१३ सालचा. अक्षरं आपल्या वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. 'क'वर बोट ठेवलं की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमलतं, हवं तिकडे बोट सरकवायचं. म्हणजे ज्याने शाळेत बाराखडी घोकली, त्याला हा कीबोर्ड निम्मा आधीच येतो! माणसाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची. हे वाचून मी अंथरुणात उठूनच बसले.

स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाले "कात्रप, कात्रप!" ओरडतात, तेव्हा कुणाला काही विचारावं लागतं का? बटणाने तसंच बोलायला हवं.

सकाळी तीन रेघा काढून टाकल्या. 'आजची भाजी' सगळ्यात वर आणली. फोटो दाबला की ऑर्डर सुरू. 'सबमिट'च्या जागी 'डबा सांगा', आणि त्याखाली 'पैसे डबा आल्यावर'. मग काकूंकडे पळत गेले. पंचेचाळीस सेकंद!

"झालं? एवढंच?" म्हणाल्या, आणि हौसेने आणखी एक डबा सांगून टाकला.

त्यानंतर तिघांना पाहिलंय. चौथ्याने फोन नंबरच्या रकान्यात पत्ता लिहिला, ते आजच सुधारलं. पाचवे एक रिक्षावाले दादा आहेत. उद्या दुपारी भाडं नसलं की पेट्रोल पंपाजवळ चहाला ये म्हणालेत.