ओठांवरचा पाढा

पांढुर्ण्याच्या आमच्या वर्गात गुरुजींनी विचारावं, “सात नवाँ?” बाकावरच्या पोरांचे ओठ आधी हलायचे, ‘सात नवे त्रेसष्ट’, आणि मग मोठ्यानं उत्तर यायचं, “तिरसठ!” मधे अर्धा श्वास जायचा. तेवढ्यावरून पोरगं मंद ठरायचं. १९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा-सौंसरचा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, फळ्यावर हिंदी, हे आमच्यासारख्यांचं जुनंच आहे. तो अर्धा श्वास मला आजही लागतो.

कारण गणितात ती पोरं कच्ची नव्हतीच. संत्र्याचा उभा बगीचा विकायच्या वेळी आजोबा मला झाडाखाली उभं करत. “किती असंल रे माल?” मी एकेक फळ मोजू लागलो की हात धरत. एक फांदी निवडायची, फार लदलेली नाही, फार रिकामीही नाही. तिची फळं मोजायची, तशा फांद्या पाहायच्या, गुणायचं. पानांआडच्यांसाठी थोडं वाढवायचं, गळीसाठी थोडं सोडायचं. भाव हजारावर. हजाराला बत्तीसशे आणि माल अडीच हजार, तर दोन हजारांचे ६,४००, अर्ध्याचे १,६००, झाले ८,०००. व्यापाऱ्यानं कागद काढेपर्यंत आजोबांचा आकडा तयार असे.

शाळेत अंदाजाला गुणच नव्हते. उत्तर बरोबर किंवा चूक, मधलं काही नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं मुलांच्या विचाराला गणिती वळण लागावं म्हटलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणानं शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हटलं. मला दोन्ही मनापासून पटतात. सरासरी, नमुना हे सगळं पुढे सांख्यिकीच्या धड्यात येतंच, पण तोवर कितीतरी पोरं गणिताला भिऊन बसलेली असतात.

सौंसरच्या एखाद्या मास्तरांनी चौथीचा वर्ग खुशाल बगीच्यात न्यावा. एकाचा आकडा सातशे येईल, दुसरीचा नऊशे. लगेच खोडू नये. कोणी कुठली फांदी धरली, का धरली, यावर त्यांना भांडू द्यावं, आणि भांडण मराठीत झालं तरी मधे पडू नये.