जास्वंदीवरचे पांढरे पीठ

गच्चीवरील जास्वंदीच्या कुंडीवरून मुंग्यांची रांग नेमाने वर-खाली करते, हे ध्यानात आल्यापासून सकाळी माझी पावले आपोआप तिकडे वळू लागली. गणपतीला वाहावयाच्या कळीच्या देठाशी पांढरा थर बसला होता, आणि मुंग्या त्या थरातील एकेका जीवाला मिशांनी हलकेच थोपटून त्याच्या अंगातून पाझरणारा मधुरस टिपून घेत होत्या. हा पिठ्या ढेकूण. त्याला खावयास जो येईल त्याला हुसकून लावण्याचा बंदोबस्तही मुंग्याच करतात. सारा घ्यावा आणि रयतेचे रक्षण करावे, असा हा करार.

“मूठभर तंबाखू पाण्यात उकळा आणि शिंपडा की!” असा शेजारच्या काकांचा सल्ला. तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेली निपाणी हाकेच्या अंतरावर असलेल्या या मुलखात असा इलाज सुचणे स्वाभाविकच. ज्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शेतकरी हमरस्त्यावर ठाण मांडून बसले होते, तिचे वेड आमच्याकडे पिढीजात आहे. तंबाखूचे रोप आपल्या मुळांत निकोटीन निर्माण करून ते पानांत धाडते, ते किड्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते, आणि मनुष्य तेच विष हौसेने सेवितो. परंतु जी अळी कीटकशास्त्राच्या ग्रंथांत तंबाखूच्याच नावाने ओळखली जाते, ती तंबाखूची पाने निर्धास्त खाऊन आज आमच्या सोयाबीनवरही ताव मारते. गांजाचीही तीच कथा. १९८५ च्या कायद्याने त्याची लागवड घरच्या कुंडीतही गुन्हा ठरते, आणि ते योग्यच आहे असे माझे मत; पण जेथे तो वाढतो तेथे त्याच्या उग्र वासाच्या चिकट राळेला न जुमानता मावा आणि लाल कोळी त्याचा रस शोषतातच.

मावा म्हटले की २००२ सालचा पावसाळा आठवतो. सांगलीकडून उसावर लोकरी मावा आल्याची वार्ता आली आणि पाहता पाहता आमच्या पंचगंगाकाठचा ऊसही पांढरा झाला. पान उलटावे तो मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना लोकरीची दाट साय, आणि खालच्या पानावर त्या माव्याच्या चिकट रसावर चढलेली काळी बुरशी. फडातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या सदऱ्यावर, भुवयांवर ती लोकर चिकटलेली असे. औषध मारावे कसे, हा खरा पेच होता. डोक्यावरून गेलेल्या उसात पंप घेऊन शिरणे म्हणजे वाट चुकण्याची तयारी, आणि फवारा पानाच्या वरच्या अंगावर, किडी मात्र खालच्या अंगाला! मग सुटका केली ती डिफा नावाच्या एका पतंगाच्या मांसाहारी अळीने आणि मायक्रोमस नावाच्या तपकिरी पंखांच्या एका कीटकाने. ज्या फडात या अळ्या आढळत तेथली पाने कापून ती दुसऱ्याच्या उसात नेऊन अडकवावीत, अशी देवघेव शेतकऱ्यांमध्ये सुरू झाली. ज्या अळीला आजवर चिरडत आलो, तीच मागून आणावी लागली. आणि ज्यांनी घाईने विषारी भुकटी धुरळली, त्यांनी माव्याबरोबर आपले हे मदतनीसही मारले. मला त्या काळातील सर्वांत मोठी शिकवण हीच वाटते, आणि आजही आपल्या गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांच्या फळ्यांवर ती मोठ्या अक्षरांत लिहावी, असे मनापासून वाटते.

तंबाखूचा काढा माझ्या हातून शिंपडला जात नाही, तो याचमुळे. शिवाय तंबाखू हाताळलेल्या हातांतून तंबाखूचा विषाणू शेजारच्या टोमॅटो-मिरचीच्या रोपांना लागण्याचे भय असते, आणि निकोटीन माणसाच्या कातडीतूनही भिनते.

पिठ्या ढेकणाच्या अंगावरील मेणामुळे नुसते पाणी ओघळून जाते, म्हणून साबणाच्या सौम्य पाण्यात बुडविलेला कापूस फिरवावा, कुंडीच्या बुडाशी मुंग्यांची वाट अडवावी. पण त्याआधी भिंग घेऊन पाहावे. १८९८ साली ऑस्ट्रेलियातून आपल्या देशात आणलेल्या क्रिप्टोलीमस नावाच्या भुंग्याची अळी अंगावर तसेच पांढरे मेणाचे धागे घेऊन याच थरात हिंडते. ती आकाराने मोठी, धागे लांब, आणि चाल चपळ. तो ढेकूण नव्हे, ढेकणांना खाणारी अळी आहे. तिला मारू नका.