साक्षांकन नमुन्यातील एक प्रश्न

दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ आहेत. शिरूर तालुक्यात रांजणगावची, तर दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या नोकरीच्या वाटा बहुधा याच ठिकाणांवरून जातात. म्हणून आम्ही माजी विद्यार्थी सुटीच्या दिवशी शाळेत जमलो, की कोणी ना कोणी अर्ज घेऊन येतोच. शिक्षण, वय, जात प्रमाणपत्र हे रकाने भराभर भरले जातात. लेखणी अडते ती साक्षांकन नमुन्यातील एका प्रश्नापाशी : आपणाविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला होता काय?

आपल्या भागात या प्रश्नामागे मोठे दुःख आहे. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला आणि ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद पाळला गेला. त्या दिवसांत राज्यभर गुन्हे नोंदले गेले. त्यांत तरुण मुलांची नावेही आली. फेब्रुवारी २०२० मध्ये तत्कालीन गृहमंत्र्यांनी ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतल्याचे सांगितले. तेव्हापासून ‘गुन्हा मागे घेतला म्हणजे तो झालाच नाही, बेलाशक नाही लिही’ असा सल्ला आमच्या कानी येतो. तो देणारे लबाड नसतात. नुसते आडनाव ऐकून दार लावून घेतलेले ज्यांनी सोसले, त्यांना खरे सांगण्याची भीती वाटणारच.

तरीही हा सल्ला घातक आहे. खटला मागे घेण्यास न्यायालयाची संमती लागते. घोषणा पुरेशी नसते. शिवाय प्रश्न ‘कधी दाखल झाला होता काय’ असा असेल, तर मागे घेतलेल्या गुन्ह्याचेही उत्तर ‘होय’ असेच राहते. चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्याची नोंद पाहिली जाते. नोंद सापडली, की मूळ गुन्हा बाजूला राहतो आणि माहिती दडवल्याचा नवा ठपका बसतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अवतार सिंग प्रकरणी २१ जुलै २०१६ रोजी यावर सविस्तर निर्णय दिला. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असावी, हे त्यात पहिले. मात्र प्रकरण किरकोळ असेल, तर ते दडवले असले तरी नियोक्ता विवेकाने दुर्लक्ष करू शकतो. जे विचारलेच नाही, ते सांगितले नाही म्हणून दोष देता येत नाही. त्याचबरोबर खरे सांगितले म्हणून नियुक्ती मिळालीच पाहिजे, असेही नाही. हे शेवटचे वाक्य मुलांपासून लपवू नये. खरेपणाने एखादी नोकरी जाऊ शकते. पण खोटेपणाने मिळालेली नोकरी दहा वर्षांनीही, घरावर कर्ज असताना, जाऊ शकते.

वयाचाही विचार व्हावा. १८ वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेल्या कृत्यामुळे पुढे अपात्रता येऊ नये, असे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ मध्ये म्हटले आहे. अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद आहे. अशा मुलाने वकिलाला विचारूनच तो रकाना भरावा.

खाजगी कारखान्यातही तीच गत. सात महिन्यांच्या अनुभवाची दोन वर्षे केली, तरी भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते.

आपण रोज सकाळी पंचशील म्हणत मोठे झालो. चौथे शील पाळण्याचा भार मात्र एकट्या मुलावर टाकणे न्यायाचे नाही. भरतीपूर्वी एक दुपार शाळेने राखून ठेवावी. आम्ही येऊ, आमच्यातील वकील येतील. प्रथम खबरीची प्रत, न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि घडले ते सांगणारे अर्ध्या पानाचे निवेदन, एवढी कागदपत्रे प्रत्येकाच्या धारिकेत असावीत. पालकांनी घरी एवढेच सांगावे : ‘बाळा, खरे ते लिही, पुढे जे होईल त्यात आम्ही तुझ्याबरोबर आहोत.’