गोळ्याची पारख

वस्तू हाती आली की आधी तिचे वजन करावे, मग मोल सांगावे, ही पेढीवरची जुनी शिस्त. अहमदपूरजवळच्या आमच्या शेतात सापडलेल्या एका गोळ्याने या शिस्तीचीच कसोटी पाहिली.

गाडली गेलेली जुनी जलवाहिनी शोधण्यासाठी पुतण्याने धातुशोधक यंत्र आणले होते. हातभर खोलीवर गंजलेला गोळा निघाला आणि घराने निकाल देऊन टाकला : हा उदगीरच्या लढाईतील तोफगोळा! मोह स्वाभाविक होता. उदगीर आपल्याच जिल्ह्यातले; १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी तेथे निजामास नमविले, तेव्हा इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना मराठ्यांकडे होता. दुकानाच्या दर्शनी कपाटात गोळ्याची जागाही ठरली.

दादांनी मात्र काटा मागितला.

प्रथम गोळ्याला कोठे छिद्र आहे का, ते पाहिले. पोकळ गोळ्यात दारू भरून छिद्रात वात बसवीत. तसा गोळा आढळल्यास त्यास हात न लावता पोलिसांस कळवावे. ठोकणे वा तापविणे जिवावर बेतू शकते. आमचा गोळा भरीव होता. दोरीने घेर मोजला तो २८.३ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ९ सेंटिमीटर. एवढा दगडी गोळा किलोभर भरतो, शिशाचा सव्वाचार किलोंहून अधिक, ओतीव लोखंडाचा पावणेतीन किलो, पोलादाचा सुमारे तीन. काट्यावर आले २ किलो ९८० ग्रॅम. शिवाय दोन भागांच्या साच्यात ओतलेल्या गोळ्यावर सांध्याची रेघ राहते. येथे तिचा मागमूसही नव्हता. सिमेंट वा खनिज दळणाऱ्या फिरत्या पिंपात असतात, तशा पोलादी गोळ्यांपैकी हा एक.

पुतण्या हिरमुसला. म्हणाला, "गिऱ्हाइकाला काय कळणार?"

दादा शांतपणे म्हणाले, "ज्या काट्यावर आपण तूर मोजतो, त्यानेच हे सांगितले. तुरीला खरा आणि गोळ्याला खोटा, असा काटा आपल्या पेढीवर नको."

तोफगोळा खरा निघता, तरी तो कपाटात ठेवण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागले असते. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तसे कळविण्याचे बंधन १८७८ च्या निखात निधी कायद्याने घातले आहे. जुनी वस्तू कोठे व किती खोल होती, यातच तिचा अर्धा इतिहास असतो; ती उपटून आणली की तो हरवतो.

पुढच्या रविवारी दादांनी पुतण्यास उदगीरचा किल्ला दाखवून आणला.